तुल्यबळ संघाला हरवायचे कसे? महाविद्यालयीन कबड्डी संघासाठी तयारीचा आराखडा

शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये आधी आपापल्या विभागात खेळतात. तिथे पुढे आलेले संघ आंतरविभागीय स्पर्धेत समोरासमोर येतात. कराडचे सद्गुरू गाडगे महाराज, वाईचे किसन वीर, फलटणचे मुधोजी ही सातारा जिल्ह्यातली महाविद्यालये. सांगलीचे विलिंग्डन, तासगावचे पद्मभूषण डॉ. वसंतरावदादा पाटील ही सांगलीकडची. असा एखादा सातारा-सांगली सामना कबड्डीचा असला की मैदानाभोवती पाय ठेवायला जागा उरत नाही. जत्रेतल्या सामन्यांवर वाढलेली ही मुले-मुली एकमेकांना नावानिशी ओळखतात, म्हणून चुरसही मोठी असते.

अशा सामन्यात ताकद दोन्हीकडे जवळपास सारखी असते. फरक पडतो तो हिशेबाने. समोरच्याच्या सवयी, मैदानावरचे गडी, घड्याळातली मिनिटे आणि नियमांतले बारकावे ज्या संघाला पाठ असतात, तो संघ बहुधा जिंकतो. हा हिशेब सरावात कसा बसवायचा, ते पाहू.

प्रतिस्पर्धी आधी वाचा

विभागीय स्पर्धेतले प्रतिस्पर्ध्याचे सामने मोबाइलवर चित्रित करून ठेवा. खेळत नसलेल्या एका खेळाडूला वही देऊन प्रत्येक चढाईची नोंद करायला बसवा. चढाईपटू कोणत्या बाजूने शिरतो, हात मारतो की पाय टाकतो, बोनस कधी घेतो, दम संपत आला की कुठल्या कोपऱ्याकडून परततो, एवढ्या चार नोंदी पुरेशा आहेत. दोन-तीन सामन्यांत त्याची ठरलेली वाट दिसू लागते.

बचावाचेही असेच वाचन करा. डावा कोपरारक्षक घोट्यावर कधी झेपावतो? कव्हरचे दोघे धडक देण्यासाठी एकत्र निघतात की एकटे? एकट्याने घाई करणारा बचावपटू सापडला तर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्यासमोर हुलकावणीच्या चढाया करा. तो पुढे आला की गुण आपला.

मग सरावात आपल्यातलाच एक चढाईपटू त्यांच्या मुख्य चढाईपटूसारखा खेळवा. त्याला पकडण्याचा सराव आठवडाभर झाला, तर सामन्यात बचावपटूंचे पाय आपोआप योग्य जागी पडतात.

पकड हा पाया

टाळ्या चढाईला मिळतात, पण चुरशीचे सामने बहुतेक वेळा बचाव जिंकून देतो. चढाईपटू एकटा येतो, त्याला अडवायला सात जण असतात. या सातांनी एकाच क्षणी हालचाल करायला हवी. कोपरारक्षकाने टाच किंवा घोटा धरला आणि साखळीतल्या जोडीदाराने कमरेवर किंवा मांड्यांवर पकड टाकायला अर्धा सेकंद उशीर केला, तर ताकदवान चढाईपटू दोघांनाही ओढत मध्यरेषा गाठतो. एका पकडीच्या जागी दोन गडी बाद होतात.

म्हणून पकड कोणी सुरू करायची, हे आधीच ठरवा. संघात एकाचाच आवाज चालला पाहिजे. तो शक्यतो अनुभवी कोपरारक्षकाचा असावा, कारण त्याला सगळे मैदान दिसते. रोजच्या सरावात निम्मा वेळ पकडीला द्या आणि त्यातही जोडीने पकड करण्यावर भर ठेवा.

गड्यांचा हिशेब

मैदानावर कुणाचे किती गडी आहेत, यावर पुढची चढाई ठरते. सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर ती अव्वल पकड ठरते आणि दोन गुण देऊन जाते. सगळा संघ बाद झाला तर लोणाचे दोन गुण वेगळे.

एक उदाहरण घेऊ. प्रतिस्पर्ध्याचे दोनच गडी उरले आहेत. आपल्या चढाईपटूने दोघांनाही टिपले तर दोन गुण आणि लोणाचे दोन, असे चार गुण मिळतात. तो पकडला गेला तर त्यांना दोन गुण मिळतात आणि त्यांचा एक गडी आत येतो. अशा वेळी प्रेक्षक ओरडतात म्हणून आत घुसणे महागात पडते. संघाचा सर्वांत शांत चढाईपटू पाठवा. निदानरेषा ओलांडून, एखादा गडी पुढे येतो का ते पाहून परतला तरी चालेल. मात्र सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. ही मोजणी राखीव बाकावरच्या एका खेळाडूवर सोपवा.

माती आणि मॅट

आपल्याकडची बहुतेक मुले गावच्या मातीवर घडतात. मोठ्या स्पर्धा मात्र आता मॅटवर होतात. मातीत पाय घसरत जातो, मॅटवर बूट चिकटतो. मातीतल्या सवयीने झटक्यात वळणाऱ्याचा गुडघा आणि घोटा मॅटवर दुखावतो. घोटा धरायला झेपावणाऱ्याची कोपरे सोलतात.

महाविद्यालयाकडे मॅट नसेल तर तालुक्यातल्या एखाद्या मंडळाला किंवा क्रीडा संकुलाला विनंती करून सामन्याआधीचे दोन आठवडे तरी मॅटवर सराव करा. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते, महिलांचे 12 बाय 8 मीटर. जागेचा अंदाज पायांत भिनायला दिवस लागतात. दमाची तयारीही सामन्याच्या मापाने करा. पुरुषांसाठी 20-20 आणि महिलांसाठी 15-15 मिनिटांचे दोन डाव असतात आणि एक चढाई 30 सेकंदांची. त्यामुळे लांब पल्ल्याच्या धावण्याबरोबर 30 सेकंदांच्या झपाट्याच्या धावा आणि त्यांमधली छोटी विश्रांती हा व्यायाम हवाच. वजनमर्यादेत बसण्यासाठी आदल्या दिवशी पाणी आणि जेवण तोडणारा खेळाडू दुसऱ्या डावात उभा राहू शकत नाही. वजन महिनाभर आधीपासून सांभाळा.

पिछाडीवर असताना

2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत मध्यंतराला इराणच्या मागे होता आणि तरीही 27-25 असा जिंकला. 2016 मध्ये अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात पुन्हा इराणच होता. मध्यंतराला 13-18 अशी पिछाडी होती, शेवट 38-29 असा भारताच्या बाजूने झाला. त्या सामन्यात अजय ठाकूरने 12 गुण मिळवले.

पाच गुणांची पिछाडी म्हणजे एक लोण आणि दोन-तीन चांगल्या चढाया. ती एका चढाईत भरून काढायला गेलेला संघ आणखी खोल जातो. मध्यंतराच्या पाच मिनिटांत प्रशिक्षकाने दोनच सूचना द्याव्यात: एक बचावासाठी, एक चढाईसाठी. दहा सूचना ऐकलेला खेळाडू एकही पाळत नाही.

नियम पाठ हवेत

2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण 28-28 असे बरोबरीत होते. साधारण एक मिनिट उरलेले असताना चढाईपटू स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेल्यावर कोण बाद, यावरून वाद झाला आणि सामना बराच वेळ थांबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला. जगातले सर्वोत्तम संघही एका नियमावर अडतात. महाविद्यालयीन संघाने तर स्पर्धेपूर्वीच्या बैठकीत पंचांकडून राखीव क्षेत्र, तिसरी चढाई आणि बरोबरी सुटण्याची पद्धत यांबद्दल विचारून घ्यावे. मैदानात पंचांशी फक्त कर्णधाराने बोलावे. हुज्जतीपायी पिवळे कार्ड मिळाले तर खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो. चुरशीच्या सामन्यात ती दोन मिनिटे सामना घेऊन जातात.

शेवटची तीन मिनिटे

तीन मिनिटे म्हणजे 30 सेकंदांच्या सहा चढाया. चार गुणांची आघाडी असेल तर आपल्या प्रत्येक चढाईत पूर्ण वेळ वापरा, निदानरेषा ओलांडून परत या आणि बोनसच्या मोहात पडू नका. बचावात कोपरे खोल ठेवा आणि चढाईपटूला मध्यरेषेपर्यंत जाऊ द्या. एक गुण गेला तरी चालेल, दोन गडी एकदम जाऊ नयेत. चार गुणांनी मागे असाल तर उलटे करा: चढाई झटपट संपवा आणि पहिल्या संधीला पकड करा. हे दोन्ही प्रसंग सरावात घड्याळ लावून, गुणफलक मांडून रोज खेळा. ऐनवेळी आठवते ते सरावात अनेकदा केलेलेच.

ईर्ष्या मैदानाच्या आत

आंतरविभागीय स्पर्धेतूनच पुढे विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. आज ज्याचा घोटा धरायचा आहे, तोच पुढच्या महिन्यात आपल्या शेजारी साखळीत उभा असू शकतो. म्हणून पकड जोरात करा, पण इजा होईल अशी करू नका, आणि शिवी तर तोंडात येऊच देऊ नका. सातारा आणि सांगलीच्या क्रीडा शिक्षकांना, प्राचार्यांना आणि माजी खेळाडूंना विनंती आहे की सामन्याच्या दिवशी ढोल घेऊन या, पण त्याआधीचा महिनाभर सरावाला मॅट, चित्रणाला एक मोबाइल आणि मुलांना रोजचे दूध-अंडी मिळतील याची सोय करा. संघ तिथे घडतो आणि प्रतिस्पर्ध्याला हरवण्याची तयारीही तिथेच होते.