कांचेचा नवा वेष आणि डोळ्यांची तक्रार

रोजच्या वापरांतील वस्तूचें रूप एकाएकीं पालटलें म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात, हा अनुभव कोणत्याहि मोठ्या कुटुंबास नवा नाहीं. मुलें म्हणतात, "किती सुरेख झालें आहे!" वडील मंडळी म्हणतात, "पहिल्यांत काय वाईट होतें?" सन २०२५ मध्यें आयफोनच्या पडद्याचें रूप पालटलें, तेव्हां असाच वाद देशोदेशीं माजला. अशा वादांत वडिलांचें म्हणणें पुष्कळदां म्हातारपणाची कुरकुर म्हणून निकालांत निघतें. परंतु तक्रार रुचीची आहे कीं इंद्रियाची आहे, हें पाहिल्यावांचून असा निकाल देणें अन्यायाचें होय, असें आम्हांस वाटतें.

अ‍ॅपल कंपनीनें ९ जून २०२५ रोजीं 'लिक्विड ग्लास', म्हणजे द्रवरूप कांच, या नांवाची नवी रचना जाहीर केली आणि १५ सप्टेंबर रोजीं 'आयओएस २६' या कार्यप्रणालीबरोबर ती लोकांच्या हातीं दिली. हींत बटणें, पट्ट्या व सूचना जणूं पारदर्शक भिंगाच्या केल्या आहेत. मागील चित्र त्यांतून दिसतें, कडेला प्रकाश वांकतो, आणि बोट लावतांच कांच हलल्याचा भास होतो. स्तुति झाली, तशी टीकाहि झाली. कित्येकांस २००७ सालीं विक्रीस आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'च्या कांचेसारख्या चौकटी आठवल्या. मुख्य आक्षेप मात्र हा होता कीं, मागचें चित्र दिसतें, पण पुढचें अक्षर नीट दिसत नाहीं.

हा प्रसंग पहिलाच नव्हे. पूर्वीं आयफोनचा पडदा खऱ्या वस्तूंचें अनुकरण करीत असे. पुस्तकांसाठीं लांकडी फळ्या, टिपणांसाठीं रेघांचा पिवळा कागद, खेळांच्या पानावर पत्त्यांच्या मेजासारखें हिरवें कापड, अशी ती सजावट होती. ऑक्टोबर २०१२ मध्यें या पद्धतीचे पुरस्कर्ते स्कॉट फोर्स्टॉल कंपनी सोडणार असें जाहीर झालें, आणि पडद्याच्या रचनेचें काम जॉनी आइव्ह यांजकडे आलें. १० जून २०१३ रोजीं 'आयओएस ७' दाखविण्यांत आली, तेव्हां फळ्या, कातडें, कापड सारें गेलें होतें. त्यांच्या जागीं सपाट रंग व सडपातळ अक्षरें आलीं होतीं. आमच्याजवळचें हिरवें कापडच संपलें, असा विनोदहि त्या वेळीं व्यासपीठावरून झाला. १८ सप्टेंबरास ती प्रणाली सर्वांस मिळाली, आणि पांच दिवसांत वीस कोटींहून अधिक यंत्रांवर ती चालूं लागल्याचें कंपनीनें सांगितलें.

त्या वेळच्या गदारोळांत दोन भिन्न जातींच्या तक्रारी मिसळल्या होत्या. रंग भडक आहेत, चित्रें पोरकट आहेत, ही एक जात. हिचा जोर हळूहळू ओसरला; हातास संवय झाली आणि लांकडी फळ्यांची आठवण बुजली. दुसरी जात निराळी होती. कोणतेंहि दालन उघडतांना पडदा अंगावर झेप घेतल्यासारखा मोठा होई, आणि त्यानें कांहीं लोकांस घेरी व मळमळ येई. हें केवळ मनाचे खेळ नव्हत. शरीराचा तोल सांभाळणारें इंद्रिय कानाच्या आंतल्या भागांत असतें. डोळा म्हणतो 'आपण पुढें चाललों', कान म्हणतो 'आपण स्वस्थ आहों'. अशा दोन साक्षींत विरोध पडला कीं घाटांत गाडी लागते तशी अवस्था होते. ही तक्रार संवयीनें विरणारी नव्हती. २२ ऑक्टोबर २०१३ च्या दुरुस्तींत ती झेप बंद करण्याची सोय करावी लागली. आणि मार्च २०१४ मध्यें बटणांस आकार व रंगांस गडदपणा देण्याचीहि सोय झाली.

सन २०२५ मध्यें हेंच पुन्हां घडलें. उन्हाळ्यांत परीक्षणासाठीं दिलेल्या आवृत्त्यांत कांच प्रथम अगदीं स्वच्छ होती. ओरड होतांच ती धुरकट केली. तेव्हां कांच कोठें गेली, म्हणून चाहत्यांची उलट ओरड झाली. शेवटीं सर्वांस दिल्यावर सात आठवड्यांनीं, ३ नोव्हेंबरास, 'क्लिअर' व 'टिन्टेड' असे दोन पर्याय देण्यांत आले. ज्यास स्वच्छ कांच हवी त्यानें ती घ्यावी, ज्यास दाट हवी त्यानें दाट घ्यावी. प्रारंभींच असें केलें असतें तर अर्धा कलह वांचला असता.

वडील मंडळींस हा त्रास अधिक कां व्हावा, याचें कारण शरीरधर्मांत आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाचा ताठरपणा जाणवूं लागतो. म्हणूनच वाचनाच्या चष्म्यास आपण 'चाळिशी' म्हणतों. पुढें तें भिंग पिवळसर होतें, आंत पोंचणारा प्रकाश घटतो, आणि फिकट व गडद यांतील बारीक भेद ओळखण्याची शक्ति मंदावते. नुसता नंबर बदलून ही उणीव पुरती भरून निघत नाहीं. म्हणूनच इंटरनेटवरील मजकुरासाठीं 'डब्ल्यू थ्री सी' या संस्थेनें केलेल्या नियमांत साधारण आकाराच्या अक्षराचें व पार्श्वभूमीचें तेजःप्रमाण निदान ४.५ : १ असावें, असें सांगितलें आहे. कांचेखालचें चित्र बोटागणिक सरकूं लागलें म्हणजे हें प्रमाण क्षणोक्षणीं बदलतें. त्यांतून आपली देवनागरी! अनुस्वार, रफार, मात्रा हीं बारीक चिन्हें शिरोरेषेच्या वर बसतात. तीं मागच्या चित्रांत मिसळलीं तर शब्दाचा अर्थच पालटावयाचा. आमची सारी हयात फळ्यासमोर गेली. फळा काळा व खडू पांढरा ठेवण्यांत कोणाची रुचि नव्हती. मागच्या बांकावरील मुलास दिसावें, एवढाच हेतु होता.

नव्या रचनेची बाजूहि ऐकली पाहिजे. चित्र किंवा लेख मुख्य असावा आणि बटणांनीं त्यावर पडदा टाकूं नये, हा हेतु चांगला आहे. आणि लांकडी फळी जन्मभर जपावी असें कोणी म्हणणार नाहीं. मात्र नवी प्रणाली एकदां घेतली कीं थोड्याच दिवसांत परतीची वाट कंपनी बंद करते. ज्यास मागें फिरतां येत नाहीं, त्याच्या इंद्रियांची काळजी बदल करणाऱ्यानें अगोदर वाहिली पाहिजे.

घरांतील जाणत्या मुलांनीं एक काम अवश्य करावें. 'सेटिंग्ज'मध्यें 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस' येथें 'लिक्विड ग्लास'खालीं 'टिन्टेड' हा पर्याय निवडून द्यावा. आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मधील 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ' येथें 'बोल्ड टेक्स्ट' व 'रिड्यूस ट्रान्स्परन्सी' हीं चालू करावीं. घेरी येत असल्यास 'मोशन'मधील 'रिड्यूस मोशन' चालू करावें. पांच मिनिटांचें हें काम आहे.

वडिलांनींहि आपली बाजू सांभाळावी. "सगळें बिघडवून ठेवलें" असें म्हटल्यानें कोणास कांहींच कळत नाहीं. निरोप पाठविणाऱ्याचें नांव वाचतां येत नाहीं, वर पाहतां भोंवळ येते, असें नेमकें सांगावें. रुचि हळूहळू वळते. डोळा व कान वळत नाहींत, आणि त्यांची तक्रार नेमक्या शब्दांत मांडली तर ती दुरुस्त होते, हें या दोन्हीं प्रसंगांनीं दाखविलें आहे.