चिमट्यास लागलेली माती

लस टोचून घेण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळ घरीं एकच प्रश्न निघतो, "औषध चांगलें आहे ना?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. औषध निर्दोष असूनही तें रोग्यापर्यंत पोहोंचण्याच्या शेवटल्या पायरीवर घात होऊं शकतो. मलकोवालची हकीकत याची साक्ष देते.

मुंबईस प्लेग १८९६ सालीं उद्भवला. डॉ. हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यावर लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें परळच्या प्रयोगशाळेंतून ती देशभर जाऊं लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं त्या वेळच्या पंजाबांतील मलकोवाल गांवीं १०७ लोकांस पांच बाटल्यांतून लस टोचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस ज्यांच्या वांट्यास आली, ते १९ जण धनुर्वातानें मरण पावले. बाकीचे सुखरूप राहिले.

दोष परळच्या माथीं बसला आणि हाफकीन यांस कामावरून दूर करण्यांत आलें. परंतु साक्षीपुराव्यांत अशी गोष्ट होती कीं, ती बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला व त्यानें तो कार्बॉलिकच्या पाण्यांत नुसता बुचकळून पुन्हां वापरला. धनुर्वाताचे जंतू मातींत, विशेषतः शेणखत पडलेल्या मातींत, बीजरूपानें वर्षानुवर्षें टिकतात. (आपल्या खानदेशची कपाशीची रानें याला अपवाद नाहींत.) तीं बीजें अशा बुचकळण्यानें मरत नाहींत, त्यांस विस्तवाची आंच किंवा दाबाखालील वाफच पाहिजे. शिवाय बाटली भरून महिना उलटला होता. विष तेव्हांच शिरलें असतें, तर ती उघडतांच दुर्गंधी सुटली असती. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं ही बाजू जाहीरपणें मांडली आणि हाफकीन दोषमुक्त झाले. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें; पण उमेदीचीं वर्षें कोण परत देणार?

आज सुई व पिचकारी एकदांच वापरून टाकावयाची असते. ती बंद पाकिटांतून आपल्या देखत काढली जाते काय, टोचणाऱ्याचे हात धुतलेले आहेत काय, बाटलीवरील मुदत संपली नाहीं ना, हें पालकांनीं अवश्य पाहावें व विचारावें. जाणता डॉक्टर अशा विचारण्यानें रागावत नाहीं. शेतांत मुलास जखम झाल्यास तींत माती किंवा राख भरूं नये. वाहत्या स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. धनुर्वाताची लस पूर्वीं केव्हां टोचली होती, हें तेथें विचारतीलच. तेवढ्याकरितां मुलाचें लसीकरणाचें कार्ड घरीं जपून ठेवावें.