मोडेम गप्प का? खालून वर शोध

लेखमाला : जुना लॅपटॉप, नवं काम. लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आपण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवलं. आता त्याला बाहेरच्या जगाशी बोलायला लावायचं आहे, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मोशीच्या एका बाजूला भोसरीची एमआयडीसी आहे आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला की चाकणचा पट्टा सुरू होतो. या दोन्हींच्या मधल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये जुन्या लॅपटॉपला तीन प्रकारची कामं मिळू शकतात. सीएनसी मशीनला सिरीयल केबलनं प्रोग्राम पाठवायचा, डोंगल लावून नेट घ्यायचं किंवा मशीन बंद पडल्याचा एसएमएस मालकाला धाडायचा, आणि एखाद्या ठिकाणी अजून जपलेल्या टेलिफोन लाइनवर आतल्या मोडेमनं फोन लावायचा. लिनक्सच्या दृष्टीनं तिन्ही कामं एकाच जातीची आहेत. पलीकडे एक सिरीयल पोर्ट असतो आणि त्यातून अक्षरं ये-जा करतात. म्हणून बिघाड शोधायची रीतही तिन्हींना एकच.

त्यातला सगळ्यात अवघड मामला आतल्या डायल-अप मोडेमचा, म्हणून सुरुवात तिथून करू. लॅपटॉपच्या कडेला फोनच्या वायरीचं खाचेचं सॉकेट दिसलं की आत मोडेम आहे, असं आपण धरून चालतो. पण पुष्कळदा आत असतो तो अर्धाच मोडेम.

अमेरिकेतल्या हेज कंपनीनं १९८१ साली स्मार्टमोडेम बाजारात आणला. वेग सेकंदाला अवघा ३०० बिट. पण संगणकानं ‘एटी’नं सुरू होणाऱ्या अक्षरी आज्ञा द्यायच्या आणि मोडेमनं अक्षरांतच उत्तर द्यायचं, हा पायंडा त्यानं पाडला आणि तो सगळ्यांनी उचलला. अशा मोडेमच्या डबीत दोन कामं चालत. कंट्रोलर आज्ञा समजून घेई आणि सिग्नलची चिप आकड्यांचा आवाज व आवाजाचे आकडे करी. दोन्ही डबीतच असल्यानं संगणकात डॉस असो, युनिक्स असो की लिनक्स, मोडेमसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नसे. सिरीयल पोर्ट चालला की मोडेम चालला.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खर्च वाचवण्यासाठी कंपन्यांनी आधी कंट्रोलर काढला, मग सिग्नलची चिपही काढली, आणि ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलं. ते करणारा प्रोग्राम मात्र फक्त विंडोजसाठी लिहिला आणि कुलूपबंद ठेवला. हेच ते विनमोडेम. लॅपटॉपमध्ये जागा आणि पैसा दोन्ही कमी, म्हणून तिथे हाच प्रकार सर्रास बसला. लिनक्सवाल्याच्या वाट्याला तांब्याची तार आणि तिच्यामागचं मुकं कार्ड आलं.

आपल्याकडे हे सगळं ऐन मोक्याच्या वेळी घडलं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षी ‘पीसीक्वेस्ट’ मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. बेळगावात शिकलेला हा माणूस पुढे बंगळुरात स्थिरावला. मोडेमवरून चालणारी सीआयएक्स ही बुलेटिन बोर्ड सेवा त्यांनीच उभी केली होती, त्यामुळे फोनची लाइन काय पेलते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ६५० एमबीची सीडी ३३,६०० बिटच्या वेगानं अखंड उतरवायची म्हटली तर ४३ तासांहून जास्त लागतात, तेही मिनिटामिनिटाचं फोनबिल भरून. सीडीनं लिनक्स घरोघरी पोचलं. पण तिथून नेटवर जायची वाट मोडेममधूनच जात होती, आणि ज्यांच्या संगणकात विनमोडेम होता त्यांची ती वाट अडली.

आता प्रत्यक्ष शोध. घरात दिवा लागला नाही तर आपण आधी मेन स्विच बघतो, मग फ्यूज, मग बटण, आणि शेवटी बल्ब. इथेही खालून वर जायचं. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवायचा नाही. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं वापरावीत. ‘एटी’च्या आज्ञा मोठ्या अक्षरांत द्याव्यात.)

पहिली पायरी, वस्तू दिसते का? आतल्या कार्डासाठी ‘एलएसपीसीआय’ आणि यूएसबीच्या वस्तूसाठी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. यूएसबीच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे चार-चार अक्षरांच्या दोन क्रमांकांची जोडी दिसते. पहिला क्रमांक बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. आतल्या कार्डासाठी ही जोडी हवी असेल तर आज्ञेला ‘एनएन’ हा पर्याय जोडावा. लॅपटॉपच्या झाकणावरच्या नावाला इथे किंमत नाही. आतली चिप कोणाची हे या जोडीवरूनच कळतं. इंटेलच्या जुन्या चिपसेटमध्ये ‘एसी-९७ मोडेम कंट्रोलर’ अशी ओळ येते. तेवढ्यावर थांबू नये, कारण कंट्रोलर इंटेलचा असला तरी त्यामागची मोडेमची चिप दुसऱ्याच कंपनीची असू शकते.

दुसरी पायरी, ड्रायव्हर लागला का? ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ हा पर्याय जोडला की कोणत्या वस्तूला कर्नलचा कोणता ड्रायव्हर लागला ते दिसतं. ‘डीमेसेज’मध्ये कर्नलची ताजी नोंद वाचायला मिळते. एसी-९७ जातीच्या मोडेमला ध्वनीच्या विभागातला ‘एसएनडी-इंटेल-८एक्स०-एम’ हा ड्रायव्हर लागतो. पण तो फक्त आवाज आत-बाहेर करतो. सिग्नलचं खरं काम स्मार्ट लिंक कंपनीचा ‘एसएलमोडेमडी’ करत असे. त्याचा गाभा बंद आणि ३२ बिटचा होता. कोनेक्झंटच्या चिपांसाठी लिनक्संट कंपनीचा ड्रायव्हर मिळे. तो फुकट घेतला तर वेग १४,४०० बिटवर अडवलेला असे आणि पूर्ण वेगासाठी पैसे मोजावे लागत. आजच्या कर्नलवर हे जुने बंद ड्रायव्हर बसवण्यात दिवस घालवू नका. टेलिफोन लाइनच हवी असेल तर कंट्रोलर आत असलेला बाहेरचा मोडेम घ्या. यूएस रोबोटिक्सच्या ५६३७ सारखा यूएसबी मोडेम कर्नलमध्येच असलेल्या ‘सीडीसी-एसीएम’ ड्रायव्हरवर चालतो.

तिसरी पायरी, पोर्टाचं नाव काय? पाठीमागच्या जुन्या नऊ पिनी सॉकेटला ‘टीटीवाय-एस-०’, यूएसबी केबलला किंवा डोंगलला ‘टीटीवाय-यूएसबी-०’ आणि वरच्यासारख्या यूएसबी मोडेमला ‘टीटीवाय-एसीएम-०’ असं नाव मिळतं. वस्तू काढून पुन्हा लावा आणि ‘डीमेसेज’च्या शेवटच्या ओळी वाचा. नाव तिथे छापलेलं असतं. अंदाजानं पोर्ट टाकू नये.

चौथी पायरी, परवानगी. ड्रायव्हर व्यवस्थित असतो, पोर्ट दिसत असतो, आणि तरी ‘परमिशन डिनाइड’ येतं. डेबियन आणि उबुंटूमध्ये हे पोर्ट ‘डायलआउट’ या ग्रुपच्या मालकीचे असतात. आपलं खातं त्या ग्रुपमध्ये घाला, मग एकदा लॉगआउट होऊन परत या. नाहीतर बदल लागू होत नाही. दर वेळी ‘सुडो’ लावून काम भागवलं तर बिघाड झाकला जातो आणि उद्या पाळीवरच्या ऑपरेटरला तो पुन्हा आडवा येतो.

पाचवी पायरी, हाक मारून बघा. ‘मिनीकॉम’ उघडा, पोर्ट निवडा, ‘एटी’ टाइप करून एंटर दाबा. ‘ओके’ आलं तर ड्रायव्हर, पोर्ट आणि परवानगी हे सगळं ठीक आहे, पुढचा दोष यांपैकी कशाचाही नाही. काहीच आलं नाही तर दुसरा एखादा प्रोग्राम पोर्ट अडवून बसलाय का ते ‘एलएसओएफ’नं पाहा.

सहावी पायरी, लाइन. ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर दिला की मोडेम टोननं फोन लावतो. जुन्या एक्स्चेंजवर पल्ससाठी ‘एटीडीपी’ लागे. ‘नो डायलटोन’ आलं तर आधी वायरीला साधा फोन लावून ऐका. टोन स्वच्छ असूनही मोडेमला तो ओळखू येत नसेल तर ‘एटीएक्स३’ द्या, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून होतो, आपला ४०० हर्ट्झवर बांधलेला आहे. परदेशी मोडेम इथे अडखळत ते या फरकामुळे. मोडेममध्ये सोय असेल तर ‘एटी+जीसीआय=५३’ देऊन त्याला भारतातल्या लाइनची ओळख द्यावी.

शेवटची पायरी पीपीपीची, म्हणजे लागलेल्या फोनवरून नेटची जोडणी उभी करण्याची. ‘कनेक्ट’ हा शब्द पडद्यावर आला तर ड्रायव्हर निर्दोष सुटला. यापुढे काही अडलं तर ते नाव, पासवर्ड किंवा ‘पीपीपीडी’च्या मांडणीत अडलं. इथे येऊन ड्रायव्हर पुन्हा बसवत राहणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. त्यांची मेहनत वाया जाते, कारण मोडेमनं आपला जबाब आधीच दिलेला असतो.

हीच शिडी डोंगलला लावून बघा. हुआवेचं एखादं ३जी डोंगल लावलं की ‘एलएसयूएसबी’त कधीकधी १२डी१:१४४६ ही जोडी दिसते आणि पडद्यावर सीडी उघडते. विंडोजचं सॉफ्टवेअर देण्यासाठी डोंगल आधी सीडीचं सोंग घेतं. ‘यूएसबी-मोडस्विच’ त्याला इशारा देतो, जोडी बदलून १२डी१:१००१ होते, ‘ऑप्शन’ ड्रायव्हर लागतो आणि एकाच डोंगलचे दोन-तीन ‘टीटीवाय-यूएसबी’ पोर्ट उघडतात. आज्ञा ऐकणारा त्यातला कोणता, हे ‘एटी’ देऊनच ठरवायचं. मग ‘एटी+सीएसक्यू’ विचारा. उत्तरातला पहिला आकडा ० ते ३१ मधला असतो, आणि ९९ आला तर सिग्नल मोजताच आला नाही असं समजावं. पत्र्याच्या शेडमध्ये हा आकडा हटकून खाली जातो. डोंगल यूएसबीच्या लांब वायरीनं खिडकीशी नेऊन पुन्हा मोजा. सिग्नल भरपूर असूनही नोंदणी होत नसेल तर सिम कोणाचं आहे ते पाहा. जिओचं जाळं पहिल्यापासून ४जीचं आहे, त्यामुळे २जी-३जीच्या जुन्या डोंगलमध्ये ते सिम चालणारच नाही. तिथे ड्रायव्हरला दोष देऊन उपयोग नाही. बाकी इथेही ‘एटीडी’ पुढे *९९# लावून फोनच फिरवायचा असतो आणि पलीकडे तोच पीपीपी असतो.

सीएनसीच्या केबलची गोष्टही हीच. नव्या लॅपटॉपला सिरीयल सॉकेट नसतं म्हणून यूएसबीची सिरीयल केबल येते. तिच्यातली चिप बहुधा एफटीडीआय, प्रोलिफिक किंवा सीएच३४० यांपैकी एक असते आणि तिन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. तरीही उबुंटू २२.०४ वर सीएच३४० ची केबल लावताच पोर्ट येतो आणि लगेच गायब होतो. दृष्टिहीनांच्या ब्रेल पट्टीसाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम तीच क्रमांकांची जोडी आपली समजून पोर्ट ताब्यात घेतो. ब्रेल पट्टी वापरात नसेल तर तो काढून टाकला की काम होतं. दुसरा चोर ‘मोडेममॅनेजर’. त्याच्या जुन्या आवृत्त्या नवा पोर्ट दिसला की मोडेम आहे का हे तपासायला आपणहून ‘एटी’ पाठवत. पलीकडे मशीन प्रोग्रामची वाट बघत असेल तर ही दोन अक्षरं नको तिथे घुसतात. मशीनला जोडलेल्या लॅपटॉपवर ही सेवा बंदच ठेवावी.

केबलचा संशय असेल तर एक सोपी परीक्षा आहे. केबल मशीनपासून सोडवा. नऊ पिनी टोकाच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना वायरीच्या छोट्या तुकड्यानं जोडा. ‘मिनीकॉम’मध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल आणि लोकल एको दोन्ही बंद करा. आता कोणतंही अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटलं पाहिजे, आणि तुकडा काढला की उमटणं थांबलं पाहिजे. तसं झालं तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि केबलची ही बाजू खणखणीत आहे. पुढचा शोध मशीनच्या सेटिंगमध्ये घ्यायचा. जुन्या फानुक कंट्रोलवर बहुधा ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट आणि एक्सऑन-एक्सऑफ हा फ्लो कंट्रोल असा मेळ असतो. दोन्हीकडे तो अक्षरशः सारखा हवा. फ्लो कंट्रोल चुकला तर प्रोग्राम अर्ध्यात तुटतो, आणि अर्धा प्रोग्राम ऑपरेटरच्या लक्षात आला नाही तर जॉब, टूल आणि माणूस तिघांनाही धोका असतो.

या सगळ्यातून एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. हेजच्या ‘एटी’ आज्ञा पाळणारा तीस वर्षांपूर्वीचा बाहेरचा मोडेम आजच्या लिनक्सला जोडला तर तो ‘ओके’ म्हणतो, कारण त्याची बोली सर्वांना माहीत होती. त्यानंतर आलेला विनमोडेम मात्र निकामी झाला. त्याचं हार्डवेअर शाबूत आहे, पण तो चालवायचं ज्ञान कुलपात राहिलं. आपल्या पट्ट्यात मशीन वीस-वीस वर्षं चालवतात. तिच्यासोबत येणारं कार्ड, केबल किंवा डोंगल घेताना किमतीच्या आधी तीन प्रश्न विचारा. चिप कोणाची? ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे का? आज्ञांचं पुस्तक मिळेल का? तिन्हींना नीट उत्तर नसेल तर ती वस्तू आपली होत नाही, विकणाऱ्याचीच राहते.

आणि आजच एक काम उरकून टाका. क्रमांकांची जोडी, पोर्टाचं नाव, बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट एका कागदावर लिहून तो मशीनच्या पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. रात्रपाळीत केबल बदलावी लागली तर तेव्हाच्या माणसाला कोणाला फोन करायची गरज पडू नये.

पुढच्या लेखांकात : पंचवीस पिनी सिरीयल केबल स्वतः कशी बांधायची आणि तिचं अर्थिंग का सांभाळायचं.