गाडी आवडली? आधी मिस्त्रीला दाखवा!

वाडीत राहत असाल तर हे दृश्य तुम्हाला नवीन नाही. अमरावती रोडच्या कडेला जुना ट्रक उभा, घेणारा बाजूला चहा पितोय आणि त्याचा मिस्त्री ट्रकखाली लोळतोय. रंगकाम कितीही झकास असो, मिस्त्री बाहेर येऊन मान डोलावत नाही तोवर पैशांची गोष्टच निघत नाही. आणि आपण? सेकंडहँड बाईक घेताना फोटो पाहतो, सेल्फ मारतो, एक चक्कर टाकतो आणि टोकन देऊन मोकळे!

‘भाऊ, सिंगल हँड गाडी आहे, फक्त घर ते कॉलेज चालली’ हे वाक्य प्रत्येक जुन्या गाडीसोबत फुकट मिळतं. त्यावर जाऊ नका. ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. तुमच्या ओळखीचा हं, विकणाऱ्याच्या नाही! त्याच्या वेळेचे दोन-तीनशे रुपये खुशाल द्या.

जायचं सकाळी, आणि ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं आधीच सांगायचं. पोहोचल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं, तर काहीतरी लपवलं जातंय अशी शंका घ्यायला जागा आहे. थकलेलं इंजिन थंड असतानाच कुरकुरतं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, आणि ते काम स्वस्तात होत नाही. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवायचं. मधेच अडकलं तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपवर तेल ओघळलंय का, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, हे मिस्त्री बघेलच. मीटर तुम्ही बघा. आकडा १५ हजार किलोमीटरचा, पण फूटरेस्टचं रबर गुळगुळीत आणि ब्रेकचं पेडल घासून चकचकीत? मग आकड्यावर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

कागदांचं काम मात्र मिस्त्रीचं नाही, तुमचं. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवा. नंबर घासलेला दिसला की तिथूनच परत फिरा. चोरीची गाडी निघाली तर गाडी पोलिस नेतील, आणि घरच्यांनी जमवून दिलेले पैसे परत कोण देणार? एमपरिवहन अ‍ॅपवर विमा-पीयूसी तपासा, थकलेले ई-चलान बघा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच.

आपल्यापैकी कित्येक जण फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतात आणि ते डिक्कीत ठेवून वर्षानुवर्षं फिरतात. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा जुन्याच नावावर राहिला, तर अपघातात मोडलेल्या गाडीचा क्लेम अडतो. विकणाराही सुटत नाही: अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याचीच, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. तो टाळाटाळ करत असेल तर हे त्याला ऐकवा.

मिस्त्रीने काढलेला खर्च लिहून घ्या आणि तेवढे पैसे कमी करून मागा. ‘दुसरं गिऱ्हाईक येऊन राहिलंय’ म्हणाला, तर येऊ द्या. पुढच्या रविवारी दुसरी गाडी बघा. मिस्त्रीला तेवढा आदल्या रात्री फोन करून ठेवा.