हिमाचे पातळ थर आणि इंग्रजी शब्द

अमरकोशांत अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय व मिहिका हीं नांवें पर्याय म्हणून एकत्र दिलीं आहेत. पाठ करणारास ही मोठी सोय. परंतु त्यांतील भेद विचारूं गेल्यास कोश मौन धरतो. इंग्रजीची तऱ्हा निराळी. तेथें थर कसा जमला यावरून नांव ठरतें, आणि म्हणूनच तीं नांवें एकमेकांच्या जागीं घालतां येत नाहींत.

'होअर फ्रॉस्ट' म्हणजे हवेंतील बाष्प पाणी न होतां थेट गोठून गवतावर बसलेले शुभ्र स्फटिक. 'होअर' या शब्दांत पिकलेल्या केसांचा पांढुरकेपणा आहे. आपला 'पलित' शब्द अर्थानें त्याच्या जवळचा. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या परिसरांत कडाक्याच्या थंडींत गवत पांढरें दिसतें, तेव्हां वृत्तपत्रें 'दंवबिंदु गोठले' असें छापतात. आधीं दंव पडून मग गोठलें असेल तर तें अक्षरशः खरें, एरवीं नव्हे.

'राइम' हें धुक्याचें अपत्य. धुक्याचे सूक्ष्म थेंब शून्य अंशाखालीं उतरूनही द्रवच राहतात आणि झाडास वा तारेस स्पर्श होतांच गोठतात. कोलरिजच्या १७९८ सालच्या सुप्रसिद्ध काव्याच्या नांवांतील 'राइम' मात्र हा नव्हे. तें 'यमक, पद्य' या अर्थाच्या शब्दाचें जुनें लेखन आहे. त्या काव्यांत जहाज हिमप्रदेशांत शिरतें, त्यामुळें विद्यार्थी हमखास फसतो!

तसाच थंडगार पाऊस झाडास वा तारेस लागून गोठला कीं काचेसारखा 'ग्लेझ' होतो. दिसावयास मनोहर, पण भार विलक्षण. जानेवारी १९९८ मध्यें पूर्व कॅनडांत त्याच्या ओझ्यानें विजेचे मनोरे कोसळले व लक्षावधि लोक ऐन थंडींत अंधारांत राहिले.

आतां 'ब्लॅक आइस'. याचें 'काळा बर्फ' असें भाषांतर वाचून मला नेहमीं धास्ती वाटते. तो काळा नसतोच. तो इतका पातळ व पारदर्शक असतो कीं, खालचा डांबरी रस्ता तसाच दिसतो. काळा डाग शोधीत बसणारास तो कधींच सांपडणार नाहीं. 'न दिसणारा बर्फ' म्हणणें बरें. ज्यांचीं मुलें-नातवंडें थंड देशांत मोटार चालवितात, त्यांनीं हा अर्थ त्यांस अवश्य कळवावा; आणि पूल लागला कीं वेग आधींच कमी करावयास सांगावें, कारण पुलास खालूनही गार वारा लागतो व रस्ता नुसता ओला भासत असतां पूल गोठलेला असूं शकतो.