रक्त चढवताना धाप लागली तर…

 

बाळंतपणात रक्त फार गेलं, अंगात रक्त कमी भरलं किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं, की आपल्याला जालन्याला नाहीतर संभाजीनगरच्या घाटीत जावं लागतं. डॉक्टर सांगतात, दोन पिशव्या रक्त लागेल. रात्री खाटेजवळ बसते ती सासू, जाऊ नाहीतर बहीण. आजचं बोलणं त्या जवळ बसणाऱ्या बाईसाठी आहे.

रक्तानं जीव वाचतो, यात शंका नाही. पण हजारो पिशव्यांत एखाद्या वेळी असं होतं, की रक्त चढत असताना किंवा त्यानंतर सहा तासांच्या आत पेशंटच्या फुप्फुसात पाणी भरतं. धाप लागते, ओठ निळे पडतात, कधी ताप येतो, कधी बीपी उतरतो. डॉक्टर याला 'ट्राली' म्हणतात. रक्तगट बरोबर जुळलेला असतानाही हे होऊ शकतं.

मग होतं कशामुळे? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. मोठं आजारपण, ऑपरेशन किंवा जंतूंची लागण झाली, की यातल्या बऱ्याच पेशी फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत सावध होऊन बसतात. त्यात बाहेरचं रक्त आलं आणि त्यात त्यांना चिथावणारं काही असलं, तर त्या भडकतात आणि आपल्याच फुप्फुसाला इजा करतात. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि जिथं हवा असायची तिथं पाणी भरतं.

चिथावणारं काय असतं? दोन गोष्टी. एक म्हणजे रक्तदात्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडं. ज्या बाईला दोन-चार वेळा दिवस गेलेले असतात, तिच्या रक्तात ती जास्त आढळतात, कारण पोटातल्या बाळाच्या अंगात बापाकडूनही काही आलेलं असतं आणि आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नसतो. ही प्रतिपिंडं रक्ताच्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात असतात. म्हणून इंग्लंडमध्ये 2003 पासून प्लाझ्मा शक्यतो पुरुषांचाच वापरायला लागले आणि असे प्रकार बरेच कमी झाले.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. तांबड्या पेशींची पिशवी फ्रिजमध्ये, आतल्या औषधाप्रमाणे 35 किंवा 42 दिवस टिकते. तेवढ्या दिवसांत पेशी थोड्या झिजतात आणि काही स्निग्ध पदार्थ पिशवीत साचतात. तेही पांढऱ्या पेशींना चिथावू शकतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण म्हणून 'आम्हाला आजचंच रक्त द्या' असा हट्ट धरू नका. ताजं आणि साठवलेलं रक्त देऊन हजारो पेशंटवर मोठे अभ्यास झाले, त्यात ताज्या रक्तानं जास्त जीव वाचले असं दिसलं नाही. मुदतीतलं, तपासलेलं रक्त घ्यायला हरकत नाही.

आता आपण काय करायचं ते ऐका.

पिशवी लावायच्या आधी सिस्टरकडून पिशवीवरचं नाव, रक्तगट आणि मुदतीची तारीख पेशंटच्या कागदाशी ताडून घ्या. आधी कधी रक्त घेताना त्रास झाला असेल, तर तो सांगा. पिशवी गार आहे म्हणून काखेत धरून किंवा गरम पाण्यात ठेवून ऊब देऊ नका, त्यानं रक्त खराब होतं. 'लवकर संपू द्या' म्हणून नळीचं चाक आपल्या हातानं फिरवू नका. रक्त भरभर गेलं, तर अशक्त पेशंटच्या हृदयावर ताण येऊन वेगळ्याच कारणानं धाप लागते.

पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलू नका. पुढचे सहा तासही लक्ष ठेवा. धाप, थंडी वाजणं, छातीत दाटणं, अंगावर पित्त उठणं, यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरला हाक मारा. 'रात्र झाली, कशाला उठवायचं' असा संकोच धरू नका. रक्त तिथंच थांबवतात, ऑक्सिजन लावतात, गरज पडली तर श्वासाचं मशीन लावतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक पेशंट दोन-चार दिवसांत सावरतात. उशीर झाला तर जिवावर बेततं. रिकामी झालेली पिशवीही फेकू देऊ नका, तपासणीला ती लागते. अशा त्रासांची नोंद ठेवण्यासाठी आपल्या देशात 2012 पासून सरकारी कार्यक्रम आहे. डॉक्टरांनी ती नोंद केली, तर त्या दात्याचं पुढचं रक्त कसं वापरायचं हे रक्तपेढीला ठरवता येतं.

आणि हे ऐकून रक्तदान मात्र थांबवू नका, बायांनो. वजन 45 किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा असेल, तर बाईनं चार महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला हरकत नाही. गरोदर असताना, बाळ अंगावर पीत असताना आणि बाळंतपणानंतर वर्षभर देऊ नये. शिबिरात किती बाळंतपणं झाली असं विचारलं, तर खरं सांगा.

शेवटी, रक्त चढवायची वेळच कमी यावी, हे आपल्या हातात आहे. गरोदर सुनेच्या लोहाच्या गोळ्या आशाताईंकडून आणा, आणि त्या डब्यात पडून राहत नाहीत ना, तेही बघा. गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा. रामराम!