गोळी आपल्या मनाने बंद करू नका

कॅश काउंटरवर बसलो असताना एके दिवशी अचानक छाती धडधडू लागली, हात थरथरले. आता आपण मरणार असेच वाटले. ई.सी.जी. नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, हा भीतीचा झटका. तो साधारण 10 मिनिटांत कळसाला जाऊन ओसरू लागतो.

एस्सिटालोप्रामसारख्या गोळीचा गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. क्लोनाझेपामने लवकर बरे वाटते, पण तिची सवय लागू शकते. बरे वाटताच मी दोन्ही एकदम सोडल्या. झोप उडाली, धडधड परतली. मग डॉक्टरांनीच मात्रा हळूहळू उतरवली.

विद्यार्थी मित्रांनो, असा त्रास लपवू नका. 2022 साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तापाची लाज वाटत नाही, मग याचीच का वाटावी?